नक्षी शाबूत, टायर म्हातारा

चाकाच्या गोष्टी : वाचकांचे प्रश्न आणि धुळ्याच्या टायरवाल्या आप्पांची उत्तरं

प्रश्न : आप्पा, स. न. वि. वि. आम्ही चाळीसगाव तालुक्यातले. घोड्यांचा नाद घरात आजोबांपासून. दरवर्षी दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत आमचा आठ-दहा दिवस मुक्काम असतो. घोडे ट्रकमधून जातात आणि आम्ही माणसं आमच्या ट्रॉलीत. २०१३ साली एका फॅब्रिकेशनवाल्याकडून ही १४ फुटी बंद ट्रॉली करून घेतली. आत चार जणांची झोपायची सोय, मागे ओटा, गॅस, २०० लिटरची पाण्याची टाकी. दोन ॲक्सल, चार चाकं, एक स्टेपनी. पिकअपला जोडून नेतो. सारंगखेडा ठरलेलं, एखाद्या वर्षी वणीचा गड, बाकी अकरा महिने ट्रॉली खळ्यात उभी. आजवर सगळं मिळून पाच हजार किलोमीटरही झालं नसेल. टायर मूळचेच आहेत, नक्षी भरलेली आहे. वडील म्हणतात, "टायर तं नवाच शे, कसाले बदलानं?" मुलगा म्हणतो, टायर बदलल्याशिवाय मी यंदा ट्रॉली ओढणार नाही. गावातल्या पंक्चरवाल्यानं हवा भरली, दोन बुक्क्या मारल्या आणि "अजून पाच वर्षं बघायला नको" म्हणाला. बाजूला केसासारख्या बारीक चिरा आहेत, पण हवा उतरत नाही. टायरवर १६५/८० आर १४ आणि पुढे ८५ टी असं आहे. जिनिंगच्या काट्यावर भरलेली ट्रॉली २,१८० किलो भरली. कुणाचं ऐकू?

उत्तर : भाऊ, मुलाचं ऐका. वडिलांना मात्र काही बोलू नका. ते जे म्हणाले तेच मी दुकानात आठवड्यातून चारदा ऐकतो, आणि एके काळी मीही तेच म्हणायचो. ते मला कितीला पडलं ते पुढे सांगतो.

नक्षी म्हणजे टायर किती चालला याचा हिशेब. किती वर्षं जगला याचा हिशेब ती ठेवत नाही. धुळ्यात मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर असे दोन महामार्ग मिळतात, त्यामुळे माझं निम्मं आयुष्य ट्रकांखाली गेलं. ट्रकचा टायर म्हातारा व्हायच्या आत झिजतो. गुळगुळीत झाला की रबर चढवायला पाठवला, संपला विषय. त्याचं वय विचारायची वेळच येत नाही. तुमच्या ट्रॉलीचं उलटं आहे. तिचा टायर झिजण्याआधीच म्हातारा होतो, आणि आपली नजर पिढ्यानपिढ्या नक्षीच बघत आलेली, त्यामुळे ते म्हातारपण कुणाच्या ध्यानात येत नाही.

उभा टायर चालत्यापेक्षा लवकर चिरतो म्हटलं की लोक हसतात. पण त्याला कारण आहे. रबरात कारखान्यातच काही औषधं आणि एक मेण घातलेलं असतं. टायर फिरतो, दाबला जातो, सुटतो, तेव्हा ते मेण थोडं थोडं वर येतं आणि हवेतल्या ओझोनपासून रबराला झाकतं. म्हणजे चालता टायर स्वतःच्या अंगाला स्वतःच तेल लावत असतो. उभ्याला ती सोय नाही. शिवाय सगळं वजन महिनोन् महिने एकाच जागी. रबर जिथं ताणलेलं असतं तिथं ओझोन आधी चावतो, म्हणून जमिनीलगतच्या फुगवट्यावर चिरा आधी दिसतात. त्यात आपला उन्हाळा. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या घरात असतो, आणि उन्हातल्या काळ्या टायरचं अंग त्याहून कितीतरी जास्त तापतं. दुपारी हात लावून बघा, ठेववणार नाही. दहा अंश वाढले की रबर खराब होण्याचा वेग साधारण दुप्पट, असा ठोकताळा आहे. थंड मुलखातली सहा वर्षं आणि खानदेशातली सहा वर्षं एक नव्हेत.

आणि हे सगळं फक्त बाहेरून नाही. टायरमध्ये आपण दाबून भरलेली हवा असते, तिच्यातला ऑक्सिजन आतून रबरात मुरत राहतो. नक्षीच्या खाली पोलादी तारांचे पट्टे असतात, त्या पट्ट्यांना धरून ठेवणारं रबर वर्षानुवर्षं कडक होत जातं, त्याची चिकाटी जाते. ते डोळ्यांना दिसत नाही. बुक्की मारून तर नाहीच नाही. बुक्कीनं हवा किती आहे तेसुद्धा धड कळत नाही, माझ्यासारख्या चाळीस वर्षं बुक्क्या मारलेल्यालाही.

तेव्हा आधी टायरची जन्मतारीख बघा. टायरच्या बाजूवर इंग्रजी अक्षर-आकड्यांची एक लांब ओळ असते. तिच्या शेवटी चार आकडे असतात, बहुतेक वेळा लंबगोल चौकटीत. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ४६१२ असेल तर २०१२ सालचा ४६ वा आठवडा, म्हणजे नोव्हेंबर. पुष्कळ टायरवर हे चार आकडे एकाच बाजूला असतात आणि फॅब्रिकेशनवाला नेमकी तीच बाजू आत घालतो. मग ट्रॉलीखाली शिरावं लागतं. शिरण्याआधी चाकांना पुढून-मागून दगड लावा, आणि नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून कुणी खाली जाऊ नका. काळ्यावर काळे आकडे, वर धूळ, मोबाइलच्या उजेडातही वाचता येत नाहीत. ओल्या फडक्यानं पुसा, वाळू द्या, मग शाळेतला पांढरा खडू आडवा धरून त्यावरून घासा. उठावाचे आकडे पांढरे होऊन वर येतात. पाचही चाकांचे असे वाचून वहीत लिहून ठेवा. चाराच्या जागी तीनच आकडे निघाले तर तो टायर २००० सालाच्या आधीचा. मागे एकानं स्टेपनी दाखवायला आणली, तिच्यावर तीन आकडे निघाले. मी त्या टायरला हात जोडले.

तुमची ट्रॉली २०१३ ची आणि टायर मूळचे, म्हणजे आकडा १२ नाहीतर १३ नं संपणार. एवढं वय झाल्यावर पुढची चर्चा खरं तर राहत नाही. तरी वडिलांना समजावायचंय म्हणून सांगतो. इतक्या वर्षांनी टायर टाकाच असा कायदा आपल्याकडे नाही. पण गाड्यांच्या पुस्तिकांमध्ये बऱ्याच कंपन्या सहा वर्षं सांगतात. टायर बनवणाऱ्यांतले काही जण म्हणतात, पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्या, आणि दिसायला कितीही चांगला असला तरी बनवल्यापासून दहा वर्षांच्या पुढे ठेवू नका, स्टेपनीसुद्धा. ही दहा वर्षं म्हणजे शेवटची हद्द आहे. तिथपर्यंत पोचायलाच पाहिजे असा तिचा अर्थ नाही. महामार्गावर ओढायच्या ट्रॉलीला मी माझ्या गिऱ्हाइकांना पाच वर्षांनी तपासणी आणि सहा वर्षांनी बदल असं सांगतो. सावलीत, ठोकळ्यांवर, झाकून ठेवलेली असेल तर सातवं वर्ष चालवून घेतो. आठवं नाही.

तुमच्या चिरांबद्दल. हवा उतरत नाही म्हणजे चिरा निरुपद्रवी, असं समजू नका. हवा धरायचं काम आतल्या अस्तराचं, चिरा बाहेरच्या कातड्याला. अंगठ्याचं नख चिरेवर आडवं दाबा. चीर तोंड उघडत असेल, नख अडकत असेल, आत धाग्याची झाक दिसत असेल, तर वय कितीही असो, तो टायर गेला. नक्षीच्या खाचांच्या तळाशी बघायला विसरू नका, तिथली चीर बाजूच्या चिरेपेक्षा वाईट. आणि पूर्ण चाक फिरवून बाजूवरून तळहात फिरवा. कुठं गाठ किंवा फुगा लागला तर त्या टायरवर गावाच्या वेशीपर्यंतही जायचं नाही.

आता माझी गोष्ट. २०११ चा मे महिना. माझी एक छोटी ट्रॉली होती, एका ॲक्सलची, तिच्यावर कॉम्प्रेसर, दोन जॅक, हत्यारं. रस्त्यात अडकलेल्या ट्रकांची कामं करायला घेऊन जायचो. मालेगावकडून काम उरकून दुपारी परत येत होतो. तिचा उजवा टायर आठ वर्षांचा, मीच माझ्या दुकानातल्या माळ्यावरून काढून चढवलेला, नक्षी अशी की त्यात बोट बुडावं. लळिंगचा घाट उतरताना मागून धाडधाड आवाज यायला लागला, जसं कुणी पत्र्यावर चाबूक मारतंय. आरशात बघतो तर ट्रॉली शेपूट हलवायला लागलेली. पाय ब्रेककडे निघाला होता, तो कसा थांबवला देव जाणे. स्टेअरिंग दोन्ही हातांनी सरळ धरलं, ॲक्सिलेटर हळूहळू सोडला, गाडी आपोआप मंदावली तशी कडेला घेतली. (हे तुमच्या मुलालाही सांगा. मागचा टायर गेला की जोरात ब्रेक मारायचा नाही, स्टेअरिंग झटकायचं नाही.) उतरून बघितलं, तर टायर फुटलेला नव्हता. आत हवा होती! केळ्याची साल निघावी तशी वरची नक्षी तारांच्या पट्ट्यासकट सुटली होती, आणि ती फिरत फिरत मडगार्ड वाकवून, दिव्याची वायर तोडून, कॉम्प्रेसरच्या टाकीला मारत होती. मागं मोटरसायकलवर कुणी असता तर मी आज हे सदर लिहीत नसतो.

तो पट्टा अजून माझ्या दुकानात खिळ्याला टांगलेला आहे. कुणी "नवाच तर आहे" म्हणालं की मी तो काढून हातात देतो. वरून नक्षी काळीभोर. उलटा केला की तारा चकचकीत, त्यांना रबराचा कणही चिकटलेला नाही, आणि कडेचं रबर चोळलं की चिमटीत तपकिरीसारखं भुरभुर येतं. वडिलांना यात्रेला जाताना धुळ्यात दुकानावर आणा, चहा घेऊ आणि त्यांनाही चोळून बघू द्या.

पण तुमच्या पत्रात वयापेक्षाही मला जास्त खटकलेली गोष्ट शेवटी आली, आणि तिच्याबद्दल तुम्ही विचारलंच नाही. टायरवरचा ८५ हा आकडा. तो वजनाचा आहे. ८५ म्हणजे एका टायरनं जास्तीत जास्त ५१५ किलो पेलायचं. चौघांचे झाले २,०६०. तुमची ट्रॉली भरते २,१८०. थोडं वजन हुकावरून पिकअपच्या अंगावर जातं हे कबूल, पण उरलेलं चारी चाकांवर सारखं थोडंच बसतं? २०० लिटरची टाकी म्हणजे पाण्याचेच २०० किलो, ती बहुधा एका अंगाला असणार, गॅस आणि ओटाही त्याच अंगाला असेल. म्हणजे त्या बाजूचे दोन टायर गेली तेरा वर्षं क्षमतेबाहेर ओझं वाहतायत. फॅब्रिकेशनवाल्यानं कारचे टायर बसवले, कारण ते स्वस्त आणि गोल होते. ट्रॉली कधी अशी भरेल याचा विचार त्यानं केला नाही, आणि तुम्ही काट्यावर नेईपर्यंत तुम्हीही केला नाही. काट्यावर नेली, हे मात्र फार चांगलं केलंत. हजारात एखादा नेतो. आता परत जाल तेव्हा फक्त डाव्या बाजूची चाकं काट्यावर घेऊन एकदा, फक्त उजव्या बाजूची घेऊन एकदा, असं वजन करा. जिनिंगवाला काटेवाला कुरकुरेल, त्याला चहा पाजा.

दोन ॲक्सलच्या ट्रॉलीला आणखी एक त्रास असतो. खळ्यात आखूड वळण घेताना चारी चाकं एका केंद्राभोवती फिरू शकत नाहीत, एक जोडी आडवी घासत ओढली जाते. मातीत उमटलेली वेडीवाकडी खूण बघा, टायरची बाजू कशी पिळली गेली ते कळेल. आणि वाटेत एक टायर बसला, तर त्याच बाजूचा दुसरा दोघांचं ओझं घेऊन चालतो. गाडीवानाला पत्ताही लागत नाही, कारण ट्रॉली पडत नाही. म्हणून एक फुटल्यावर फक्त तोच बदलला तर काम अर्धं राहतं. शेजारचाही मनानं गेलेला असतो.

तेव्हा नवे घेताना याच मापाचे, याच आकड्याचे घेऊ नका. १४ इंची रिमलाच माल वाहणाऱ्या छोट्या गाड्यांचे टायर मिळतात. १६५ आर १४, आठ प्लाय म्हणजे जास्त मजबूत बांधणीचे, त्यावर ९७/९५ असं असतं. पहिला आकडा एकेरी चाकाचा, तोच तुमच्या कामाचा, ९७ म्हणजे ७३० किलो. चौघांचे २,९२०. तुमच्या २,१८० ला हे पुरून उरतात, आणि ट्रॉलीच्या टायरला असं पंचवीस टक्के मोकळं अंग असावंच. अट एक, या टायरांना कारपेक्षा बरीच जास्त हवा लागते. तेवढी हवा आणि वजन तुमची रिम सोसते का ते आधी दाखवून घ्या. रिम हलकी असेल तर तीही बदला. फिरवून बघा, वेल्डिंगच्या जागी गंजाची रेघ दिसली तर विचार करत बसू नका.

एक सावधगिरी. स्वस्तात देतो म्हणून कुणी शेतीच्या औजारांचा टायर गळ्यात मारेल. त्याच्यावर वजनाच्या आकड्यापुढे ए८ असं असेल तर तो ताशी ४० किलोमीटरसाठी आहे, ए६ असेल तर ३०. ट्रॅक्टरमागे शोभतो. सोनगीर-दोंडाईचा रस्त्यावर पिकअपमागे साठनं पळवायला नाही.

दुकानातही खडू घेऊन जा. नव्या टायरवरची तारीख बघायची लाज वाटू देऊ नका. अंधाऱ्या, थंड गोदामात वर्षभर पडलेला टायर बिघडत नाही, तो घ्या. पण तीन वर्षांपूर्वीचा माल "सूट देतो" म्हणून दिला, तर तुमच्या ट्रॉलीच्या सहा वर्षांतली तीन तिथंच गेली. रोज पळणाऱ्या गाडीवाल्यानं तो घेतला तर त्याचं काही बिघडत नाही, तो झिजवून टाकेल. पाचही घ्या. चार नवे आणि स्टेपनी २०१२ ची, असं करणारे मला दर यात्रेला भेटतात, आणि वाटेत नेमकी तीच लावायची वेळ येते. सगळं मिळून एका बऱ्यापैकी मोबाइलच्या किमतीत बसतं. घोड्याच्या एका खोगिराला तुम्ही किती देता ते मी विचारत नाही.

बसवल्यावर ऐंशी-शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा एकदा आवळा. चाळीसगावहून निघालात तर दोंडाईच्याच्या आधी कुठंही चालेल. हवा सकाळी निघताना, टायर गार असताना बघायची. दुपारी थांबल्यावर मोजली तर जास्त दिसणारच, ती गरम हवा सोडू नका. तीच चूक लोक करतात, आणि गार झाल्यावर टायर उपाशी राहतो. कमी हवेचा टायर जास्त वाकतो, वाकला की तापतो, तापला की आतले पट्टे सुटतात. चहाला थांबाल तेव्हा पाण्याच्या बाटलीआधी चारी टायर आणि हबवरून हात फिरवा. तीन कोमट आणि एक चटका देणारा निघाला, तर तो काहीतरी सांगतोय. हवा कमी, बेअरिंग जाम नाहीतर ब्रेक अडकलेला.

यात्रेहून आल्यावर ट्रॉली ठोकळ्यांवर चढवा, चाकं जमिनीपासून सुटी. तेवढं होत नसेल तर टायरखाली फळी टाका, हवा भरलेली ठेवा आणि महिन्याला पाव चाक पुढे सरकवा. दोन महिन्यांतून एकदा गावाबाहेर पाच किलोमीटर फिरवून आणलीत तर त्याहून चांगलं. टायरवर पांढऱ्या पोत्याचं झाकण घाला, काळ्या प्लॅस्टिकचं नको. ट्रॉली वेल्डिंगच्या जागेजवळ उभी करू नका, तिथं ओझोन तयार होतो. आणि धुवायला साधं साबणाचं पाणी. आपल्याकडे बैलाच्या शिंगांना लावतात तसं टायरला जळकं ऑइल, डिझेल, रॉकेल चोपडायची पद्धत आहे. टायर दोन दिवस चमकतो, आणि तेल रबर खातं.

प्रश्न : मुक्ताईनगर तालुक्यातून लिहितो. वारीला आमच्या दिंडीबरोबर ट्रॅक्टरमागे पाण्याचा टँकर असतो. टायर रिमोल्ड केलेले आहेत, केसिंग म्हणजे आतला सांगाडा किती जुना ते माहीत नाही. वर्षातून एकदाच बाहेर निघतो. या वेळी पुन्हा रबर चढवावं की नवे घ्यावेत?

उत्तर : माउली, वर चाळीसगावच्या भाऊंना मी जे दटावलं ते सगळं तुम्हाला लागू नाही. दिंडीबरोबरचा टँकर माणसाच्या चालीनं जातो. वेग नाही म्हणजे उष्णता नाही, आणि टायर मारते ती उष्णताच. त्यामुळे म्हातारा टायर तुमच्याकडे जास्त वर्षं काढतो, हे खरं.

पण एक गोष्ट तुमच्याकडेच वाईट आहे. माणसं चाकाला खेटून चालतात. ऊन लागलं की टँकरच्या सावलीत येतात, मुलं नळाला तोंड लावतात. भरल्या हवेचा मोठा टायर बाजूनं फाटला तर शेजारच्या माणसाला नुसत्या हवेचा दणकाही पुरेसा असतो. काही रिमना टायर अडकवून धरणारी लोखंडी कडी, लॉक रिंग, असते, ती सुटली तर काय होतं ते मी एकदा भिंतीवर बघितलंय. भिंतीवर, माणसावर नाही, म्हणून शांतपणे लिहू शकतो.

रिमोल्डमध्ये काही वाईट नाही, मी स्वतः उमेदीची वर्षं त्याच कामात काढली. मात्र वरचं रबर नवं झालं तरी आतला सांगाडा त्याच वयाचा राहतो. खडू घासून केसिंगची तारीख काढा. दहाच्या पुढे असेल तर त्यावर पैसा घालू नका. त्याच्या आत असेल तर जिथं केसिंग आतून उजेड लावून तपासतात आणि नको असलेलं परत पाठवतात, तिथंच द्या. आणलेलं प्रत्येक केसिंग घेणारा कारागीर मला आवडत नाही. ट्यूब आणि फ्लॅप (ट्यूब आणि रिमच्या मधली रबरी पट्टी) दोन्ही नवे घाला. जुनी ट्यूब वापरून ताणलेली असते, नव्या रबरात ती दुमडते आणि घडीवर फाटते. हवा भरताना चाक जाळीत किंवा साखळीनं बांधून, आणि माणूस बाजूला.

प्रश्न : आप्पा, मी जळगावची. सासऱ्यांची कार २०१७ ची आहे, १९ हजार किलोमीटरच झालेत. आता आम्ही ती घेऊन पुण्याला जाणार. सर्व्हिसिंगवाले म्हणतात टायर बदला. नक्षी छान आहे. ते फसवतायत का? नायट्रोजन भरला तर चालेल का?

उत्तर : ताई, ते पुष्कळदा फसवतात, पण या वेळी नाही. तुमच्या टायरचं वय झालंय. जळगावच्या रस्त्यांवर चाळीसनं फिरायला ते आणखी थोडे दिवस चालले असते, पुण्यापर्यंत भर उन्हात शंभरनं नको. एकदम चारांचे पैसे नसतील तर दोन घ्या आणि ते दोन्ही मागे बसवा. सगळे दुकानदार पुढे बसवायला बघतील. पावसात मागची चाकं सुटली तर गाडी फिरते आणि सावरता येत नाही, म्हणून चांगले मागे. उरलेले दोन लवकरात लवकर. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो, त्याचे वेगळे पैसे द्यायचे की नाही ते तुम्ही ठरवा. म्हाताऱ्याला तरुण करायचं काम तो करत नाही.

प्रश्न : (चाळीसगावच्या त्याच वाचकांनी पाकिटाच्या मागे लिहिलेला) काढलेले जुने टायर भंगारात देऊ की कुणाला कामाला येतील म्हणून ठेवू?

उत्तर : घरच्या बैलगाडीला रिम जुळत असेल तर लावा, बैलाच्या चालीला ते अजून पुरतील. झाडाभोवती आळं करा, पोरांना झोका बांधा. होळीत टाकू नका, तो धूर चांगला नसतो. पण विकू नका, आणि फुकटही देऊ नका. नक्षी भरलेली आहे ना, तीच अडचण आहे. असा टायर दुकानातून दुकानात फिरतो, त्याला काळं पॉलिश लागतं आणि तो एखाद्याच्या गाडीला "थोडा वापरलेला" म्हणून चढतो. माझ्याकडे काढलेल्या अशा प्रत्येक टायरच्या बाजूला मी ग्राइंडरनं वीतभर चीर देतो, गिऱ्हाइकासमोरच. काही जणांना ते बघवत नाही, ते तेवढ्या वेळापुरतं रस्त्याकडे तोंड करून उभे राहतात.